धान्य चुलीत का जात नाही?

आहाराच्या धड्यात एक कोष्टक असते. त्यात शंभर ग्रॅम तांदळापासून ३४५ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, असे दिलेले असते. म्हणजे किलोला सुमारे ३,४५०. इंधनाच्या धड्यात दुसरे कोष्टक असते. त्यात उन्हात नीट वाळलेल्या लाकडाचा आकडा पाहावा, तर तो किलोला सुमारे ३,५०० किलोकॅलरी निघतो. ही दोन कोष्टके दोन वेगळ्या धड्यांत, बहुधा दोन वेगळ्या इयत्तांत येतात. त्यामुळे ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत असे सहसा कोणाला सुचत नाही. ती तशी ठेवली, की लक्षात येते ते हे: एक किलो तांदूळ आणि एक किलो सरपण यांच्यातली उष्णता जवळजवळ सारखीच आहे.

यात खरे म्हणजे नवल काही नाही. तांदळातले पिष्ट आणि लाकडातले सेल्युलोज हे दोन्ही पदार्थ ग्लुकोजच्या रेणूंच्या लांब माळा आहेत. फरक आहे तो मणी एकमेकांना कसे जोडले आहेत एवढाच. पिष्टातली जोडणी आपल्या आतड्यातली विकरे सोडवू शकतात, सेल्युलोजमधली सोडवू शकत नाहीत. म्हणून भात पोटात जातो आणि लाकूड जात नाही. आगीला मात्र हा भेद कळत नाही. तिला दोन्ही सारखेच.

शिवाय अन्नातली ऊर्जा मोजण्याची रीत मुळात जाळण्याचीच आहे. फ्रान्समध्ये बर्थेलो यांनी १८८० च्या सुमारास पोलादी भांड्यात दाबाखालचा प्राणवायू भरून पदार्थ जाळण्याचे उपकरण, म्हणजे बाँब कॅलरीमापी, तयार केले. पुढे अमेरिकेत ॲटवॉटर यांनी १८९० च्या दशकात निरनिराळे खाद्यपदार्थ त्यात जाळले, शरीरात न पचता बाहेर पडणारा भाग वजा केला आणि आहाराची कोष्टके तयार केली. आपण मुलांकडून पाठ करून घेतो ते आकडे असे आगीतून बाहेर आलेले आहेत.

मग धान्य चुलीत का घालत नाहीत? वर्गात हा प्रश्न टाकला तर ‘महाग पडते म्हणून’ असे उत्तर चटकन येईल. ‘अन्नाला पाय लावू नये, तर जाळायचे कसे?’ असे दुसरे उत्तरही एखादी मुलगी देईल. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण पहिल्या उत्तरात एक इतिहास दडलेला आहे. महाग म्हणजे किती महाग, कोठे आणि केव्हा? आणि जेव्हा महाग नव्हते, तेव्हा काय झाले? धान्य चुलीत गेलेले आहे, आगगाडीच्या इंजिनातही गेलेले आहे, आणि अलीकडे आपल्या मोटारींच्या टाकीतही जाऊ लागले आहे. या हिशोबाची सुरुवात आम्ही रायगड जिल्ह्यातल्या एका गावापासून करणार आहोत.

गव्हाण

पनवेलहून उरणकडे जाताना गव्हाण फाटा लागतो. आज या बाजूला मालट्रकांची रांग, उलव्याच्या उंच इमारती आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू असा देखावा आहे. पण हा सारा पट्टा मूळचा भाताचा. खाडीच्या कडेने बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन काढायचे आणि ओहोटीच्या वेळी उघडीतून ते पाणी बाहेर सोडायचे, अशा कष्टाने इथल्या पिढ्यांनी खारजमिनीत भात पिकवला. जुना कुलाबा जिल्हा (१९८१ पासून रायगड) भाताचे कोठार म्हणून ओळखला जाई. १९७० नंतर नवी मुंबईसाठी ही जमीन संपादित होत गेली. तिचे मोल कसे ठरवायचे यावरून जानेवारी १९८४ मध्ये जवळच जासई-दास्तान फाटा परिसरात शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण प्राणाला मुकले.

गावाचे नावही आपल्या विषयाला सोयीचे आहे. गव्हाण म्हणजे गोठ्यात गुरांपुढे वैरण टाकायची जागा. देशावरच्या वाचकांना हाच शब्द साखर कारखान्यातून ठाऊक असेल. ऊस जिथून यंत्रात शिरतो तीही गव्हाण, आणि गळीत हंगामाचा शुभारंभ तिच्यात मोळी टाकूनच होतो. दोन्ही ठिकाणी पिकाची वाटणी होते. कारखान्यात रस साखरेकडे जातो आणि चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जळून त्या रसालाच आटवतो. भाताच्या शेतकऱ्याची वाटणी याहून जुनी आणि अधिक बारीक आहे.

शंभर किलो भात गिरणीत नेले, तर ६५ ते ६८ किलो तांदूळ, २० किलोच्या आसपास तूस आणि बाकी कोंडा व चुरी निघते. शिवाय शेतातून तेवढ्याच वजनाचा, अनेकदा थोडा जास्तच, पेंढा आलेला असतो. आता यांच्यातली उष्णता मोजू. ६७ किलो तांदळात सुमारे २ लाख ३० हजार किलोकॅलरी. २० किलो तुसात, किलोला ३,१०० धरून, ६२ हजार. आणि शंभर किलो पेंढ्यात, किलोला ३,३०० धरून, ३ लाख ३० हजार. म्हणजे भाताच्या रोपाने सूर्याकडून साठवलेल्या उष्णतेपैकी निम्म्याहून बरीच जास्त उष्णता तांदळाच्या बाहेर आहे. तांदूळ माणसाला, पेंढा गव्हाणीत, कोंडा गुराला किंवा कोंबड्यांना आणि तूस आगीला, अशी ही वाटणी होती. आगीच्या वाट्याला आले ते फक्त ज्याला दुसरा कोणी खाणारा नव्हता तेच.

तूस हे मात्र सोपे इंधन नाही. ते चुलीत टाकले तर धुमसते आणि गुदमरते. त्यात १५ ते २० टक्के राख असते, आणि ती जवळजवळ सगळी सिलिकाची. म्हणून तुसासाठी वेगळी युक्ती लागते. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली किंवा सोटा उभा धरून भोवती लाकडाचा भुसा ठासायचा आणि सोटा काढून मधल्या पोकळीत आग लावायची, ही भुशाची शेगडी अनेक शिक्षकांनी लहानपणी पाहिली असेल. तीच युक्ती तुसालाही चालते. दक्षिण कोकणात उकड्या तांदळासाठी भात उकडताना तूस कामी येते. वीटभट्टीतही ते जाते, आणि जळालेल्या तुसाची राखुंडी दात घासायला वापरत ती वेगळीच.

पेंढा न जाळता बैलाला घालण्यामागेही उष्णतेचे गणित आहे. ते युरोपात मांडले गेले त्याची हकिकत गमतीची आहे. काउंट रम्फर्ड यांनी म्युनिकच्या शस्त्रागारात तोफेच्या नळीला भोक पाडण्याचे काम पाहिले. घोडे यंत्र फिरवत होते, आणि घर्षणाने एवढी उष्णता निर्माण होत होती की पाणी उकळले. १७९८ साली त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. उष्णता हा पदार्थ नसून ती गती आहे, या विचाराचा तो पाया ठरला. त्याच निबंधात त्यांनी एक व्यवहारी शेरा मारला आहे: अशा रीतीने अन्न शिजवणे फायद्याचे नाही, कारण घोड्याला घातलेली वैरणच जाळली असती तर जास्त उष्णता मिळाली असती. गव्हाण आणि चूल यांचा एकत्र हिशोब इतक्या स्पष्टपणे केलेला आम्हाला दुसरा कोठे आढळला नाही. पण बैल पाळणारा शेतकरी उष्णतेसाठी बैल पाळत नव्हता. त्याला नांगरट हवी होती, आणि पेंढा जाळून नांगर चालत नाही.

पिकासाठी आग

कोकणात धान्य आगीत गेले नाही. उलट आग धान्यासाठी खर्ची पडली. खारजमिनीत मोड आलेले बी चिखलात फेकून पेरण्याची ‘रहू’ची पद्धत आहे. तिथे भाजणीची गरज नसते. पण डोंगराकडच्या गोड्या जमिनीत रोपे तयार करायची जागा आधी भाजावी लागे. झाडाच्या टाहाळ्या, शेण, पालापाचोळा आणि गवत यांचे थर पसरून, वर थोडी माती टाकून उन्हाळ्यात पेटवायचे, याला राब म्हणतात. राबासाठी टाहाळ लागतो, आणि टाहाळ जंगलात असतो. इंग्रजी अमलात वनखात्याने जंगले राखीव केली तेव्हा राबाचा प्रश्न ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत पेटला. मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला, आणि राब खरोखरच आवश्यक आहे की ती शेतकऱ्यांची खोड आहे, यावर त्या काळी बराच खल झाला. गव्हाणपासून फार दूर नसलेल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. अक्कादेवीच्या डोंगरावर पोलिसांच्या गोळ्यांना सत्याग्रही बळी पडले. स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात हा प्रसंग येतो. त्याला सरपणाच्या आणि राबाच्याही इतिहासाची बाजू आहे, ही गोष्ट मुलांना सांगायला हरकत नाही.

जंगल बंद झाले की चुलीत काय घालायचे? खाडीकाठी तिवराची लाकडे होती. बाकी भिस्त शेणींवर, म्हणजे देशावरच्या भाषेत गोवऱ्यांवर. इथे धान्य आणि इंधन यांची गाठ वेगळ्या तऱ्हेने पडते, कारण शेण हे खतही आहे. शेण जाळणे म्हणजे उद्याचे धान्य जाळणे, हा आक्षेप आपण अनेकदा ऐकतो. हिंदुस्थानातल्या शेतीची पाहणी करण्यासाठी १८८९ साली आलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात या प्रश्नाला बरीच जागा दिली आहे. त्यांचे म्हणणे असे, की शेतकऱ्याला शेणाची किंमत कळत नाही हा समज चुकीचा आहे. जिथे लाकूड मिळते तिथे तो शेण जाळत नाही. लाकूड नाही म्हणून जाळतो. यावर उपाय म्हणून गावांजवळ सरपण आणि चाऱ्यासाठी राखीव वने वाढवावीत, असे त्यांनी सुचवले.

आपण या आक्षेपाला आकड्यांनी तपासून पाहू. हिशोब ढोबळ आहे, पण उपयोगी आहे. वाळलेल्या शेणात नत्र साधारण दीड टक्का धरला, तर दहा किलो शेणींत १५० ग्रॅम नत्र झाला. जाळल्यावर तो हवेत जातो. एक किलो नत्राने भाताचे उत्पन्न फार तर दहा किलोने वाढते असे धरू. तर दहा किलो शेणी जाळल्याने सुमारे दीड किलो भात बुडाले. शेणखतातला सगळा नत्र पिकाला पहिल्याच वर्षी मिळत नाही, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच. दीड किलो भातातली उष्णता ५ हजार किलोकॅलरी. आणि दहा किलो शेणींतून मिळते ती, किलोला अडीच हजारच धरली तरी, २५ हजार. म्हणजे उष्णताच हवी असेल, तर शेण खतात घालून आलेले धान्य जाळण्यापेक्षा शेणच जाळणे पाचपट फायद्याचे होते. शेणी थापणाऱ्या बाईने हा हिशोब कागदावर मांडला नव्हता, पण तिचा निर्णय या हिशोबाच्या विरुद्धही नव्हता. तिला अडाणी ठरवणाऱ्यांपेक्षा व्होल्कर आम्हाला जास्त जवळचे वाटतात ते यामुळे.

या किनाऱ्यावर इंधन किती जपून वापरले जाई याचा दुसरा पुरावा पनवेल-उरणच्या मिठागरांत दिसतो. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के क्षार असतात. म्हणजे एक किलो मिठासाठी २८ किलो पाणी आटवायला हवे. त्याला सुमारे १६ हजार किलोकॅलरी लागतात, म्हणजे काही वाया गेले नाही असे मानले तरी साडेचार किलो सरपण, किंवा तेवढेच तांदूळ. इंग्लंडमध्ये चेशायरला मिठाचे पाणी कोळशावर आटवीत. आपल्याकडे ते काम उन्हाने केले, आणि उन्हाला दाम पडत नाही.

जेव्हा धान्य पेटले

आता आपण कोकणातून निघून अशा ठिकाणी जाऊ जिथे हिशोब उलटला. अमेरिकेच्या मध्यभागातील नेब्रास्का, आयोवा ही मक्याची राज्ये. गवताळ मैदानांचा हा मुलूख, झाडे थोडी, कोळसा दुरून आणावा लागे. १८७२-७३ च्या हिवाळ्यात मक्याला इतका कमी भाव आला की बाजारात नेण्याचा खर्चही सुटेना. शेतकऱ्यांनी कणसे शेगडीत घातली. साठ वर्षांनी, १९३२-३३ च्या महामंदीत, तेच पुन्हा झाले. मक्याचा भाव बुशेलला १० सेंट आणि त्याच्याही खाली गेला. एक बुशेल मका म्हणजे साधारण २५ किलो. तेव्हा टनाला सुमारे ४ डॉलर पडले. उत्तम दगडी कोळशात किलोला ७ हजार किलोकॅलरी असतात, मक्यात त्याच्या निम्म्या. म्हणजे दोन टन मका बरोबर एक टन कोळसा, आणि दोन टन मक्याचे ८ डॉलर. ज्या गावात कोळसा टनाला ८ डॉलरहून महाग होता, तिथे मका जाळणे परवडत होते. आयोवातल्या एका काउंटीने तर आपल्या न्यायालयाची इमारत मका जाळून उबदार ठेवली. त्याच वर्षांत अमेरिकेच्या शहरांत बेकार लोक पाव-सुपासाठी रांगा लावून उभे होते.

याहून मोठे उदाहरण अर्जेंटिनाचे. हा देश मका आणि गहू युरोपला विकत असे, आणि तिथल्या आगगाड्या, ज्यांतल्या बऱ्याच ब्रिटिश कंपन्यांच्या मालकीच्या होत्या, ब्रिटनहून येणाऱ्या कोळशावर चालत. दुसऱ्या महायुद्धात ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी तुटली. १९४० नंतर जर्मनीने युरोपचा मोठा भाग व्यापला, जहाजे पाणबुड्यांनी बुडवली किंवा युद्धकार्याला लावली. कोळसा येईना आणि मका जाईना. सरकारने शेतकऱ्यांकडून मका ठरावीक भावाने विकत घेतला होता, कोठारे भरली होती. मग तो मका रेल्वेच्या इंजिनांत आणि वीजकेंद्रांच्या भट्ट्यांत गेला. त्याच्या जोडीला जवस आणि गहूही गेला.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते हे आठवून पाहावे. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले. बंगालमध्ये त्या वर्षी जो दुष्काळ पडला, त्यात वीस ते तीस लाख माणसे भुकेने आणि साथीच्या रोगांनी मेली. पृथ्वीच्या एका बाजूला मका इंजिनात जळत होता, त्याच वर्षी दुसऱ्या बाजूला माणसे रस्त्यात मरत होती. अर्जेंटिनाच्या लोकांना दुष्ट ठरवून हा प्रश्न सुटत नाही. त्यांच्याकडे मका होता, जहाज नव्हते. धान्याला त्याची किंमत त्याच्या अंगातून मिळत नाही, ती त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या रस्त्यातून आणि बंदरातून मिळते. वाट बंद झाली की गव्हाची रास आणि लाकडाची रास यांच्यात फक्त उष्णतेचाच फरक उरतो, आणि तो तर आपण सुरुवातीलाच पाहिला: जवळजवळ नाहीच.

आजचा भाव

हा हिशोब जुना झाला असे समजायचे कारण नाही. मुंबईत १९५५ साली बर्मा शेलने सिलिंडरमधला गॅस विकायला सुरुवात केली. १९७४ साली बॉम्बे हायमध्ये तेल सापडले. तिथला वायू पुढे गव्हाणच्या शेजारी उरणला येऊ लागला आणि त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढला जाऊ लागला. आज या पट्ट्यातल्या बहुतेक घरांत तो आहे. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरची किंमत ८५२ रुपये ५० पैसे झाली. किलोला ६० रुपये. एका किलोत ११ हजार किलोकॅलरी धरल्या, तर हजार किलोकॅलरी साडेपाच रुपयांना पडतात.

आता तांदूळ घेऊ. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने अन्न महामंडळाच्या कोठारातला तांदूळ इथेनॉल कारखान्यांना क्विंटलला २,२५० रुपये, म्हणजे किलोला साडेबावीस रुपये, या दराने देण्याचे ठरवले. किलोला साडेतीन हजार किलोकॅलरी, तेव्हा हजार किलोकॅलरींना पडले ६ रुपये ४० पैसे. गॅसपेक्षा फक्त ९० पैसे जास्त! हा आकडा आम्ही दोनदा तपासून पाहिला. साध्या चुलीत दहा टक्क्यांच्या आसपासच उष्णता भांड्याला मिळते, गॅसच्या शेगडीत साठ टक्के. त्यामुळे घरात तांदूळ जाळणे अजूनही कितीतरी महाग पडेल. पण कोठारातल्या भावाने पाहिले, तर धान्य आणि इंधन एकमेकांच्या इतके जवळ आलेले आहेत. मात्र हा भाव खरा खर्च नव्हे. तोच तांदूळ खरेदी, वाहतूक, साठवण धरून महामंडळाला किलोला सुमारे ४० रुपयांना पडतो. त्या भावाने हजार किलोकॅलरींचे ११ रुपयांहून जास्त होतात. आयोवात भाव मंदीने पाडला होता, अर्जेंटिनात युद्धाने. इथे तो सरकारी निर्णयाने खाली आला आहे.

महाराष्ट्रात या वादाची पहिली फेरी आधीच होऊन गेली होती. २००७ साली राज्य शासनाने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचे धोरण आणले. पावसात भिजून काळ्या पडलेल्या ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल, हा त्यामागचा युक्तिवाद होता. डॉ. अभय बंग आणि इतर अनेकांनी त्याला कडाडून विरोध केला. तो मुख्यतः दारूला होता, पण धान्य कशासाठी हा प्रश्न त्यात होताच. नंतर २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने खराब झालेले धान्य, आणि धान्य शिलकीत असेल तेव्हा चांगले धान्यही, इथेनॉलसाठी वापरण्याची वाट मोकळी केली. जुलै २०२३ मध्ये तांदळाचे भाव चढू लागले तेव्हा कोठारातून कारखान्यांना तांदूळ देणे थांबवले गेले, आणि साठा वाढल्यावर पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात कारखाने मक्याकडे वळले. २०२३-२४ च्या हंगामात इथेनॉलचा सर्वांत मोठा वाटा मक्याचा होता. आजवर मक्याचे मोठे गिऱ्हाईक कोंबडीपालन होते. त्याला आता भावात कारखान्यांशी स्पर्धा करावी लागते.

एक टन तांदळापासून सुमारे ४५० लिटर इथेनॉल मिळते. लिटरला ५ हजार किलोकॅलरी धरल्या तर साडेबावीस लाख होतात. तांदळात होत्या पस्तीस लाख. म्हणजे तिसरा हिस्सा वाटेतच कमी झाला, आणि ऊर्ध्वपातनासाठी जाळलेला कोळसा किंवा तूस यात धरलेलेच नाही. न्यायाने हेही सांगायला हवे, की राहिलेला प्रथिनयुक्त चोथा पशुखाद्य म्हणून विकला जातो. म्हणजे थोडा भाग फिरून गव्हाणीतच येतो. परकीय चलन वाचते, शेतकऱ्याला आणखी एक गिऱ्हाईक मिळते, हेही खरे. आमची तक्रार एवढीच आहे, की कोठारातला तांदूळ कोणत्या भावाने इंधनाला द्यायचा याची चर्चा पेट्रोलच्या भावाशी तुलना करून होते. त्या तांदळावर वाढणाऱ्या आणि न वाढणाऱ्या मुलांचा आकडा त्यात येत नाही.

जानेवारी २०२३ पासून अन्न सुरक्षा कायद्याखालच्या शिधापत्रिकांवर धान्य मोफत मिळते. नुसत्या भावाने पाहिले, तर अशा घरात तांदूळ हे सर्वांत स्वस्त इंधन झाले. तरी त्या घरातली बाई सरपण गोळा करायला जाते किंवा सिलिंडरसाठी पैसे साठवते. तांदूळ ती चुलीवर ठेवते, चुलीत घालत नाही.

हा हिशोब वर्गात करून घेता येईल. मुलांनी आपापल्या गावचे भाव आणावेत: सरपण, शेणी, लोणारी कोळसा, गॅस, विजेचे एक युनिट (म्हणजे ८६० किलोकॅलरी), तांदूळ, ज्वारी, मका. प्रत्येकाच्या हजार किलोकॅलरींचा भाव काढावा, आणि मग चूल, शेगडी, गॅस यांची कार्यक्षमता धरून पुन्हा एकदा काढावा. दोन्ही वेळा क्रम सारखा राहत नाही, आणि तिथेच खरी चर्चा सुरू होते. भाताच्या गिरणीत तुसाचा भाव विचारायला मात्र विसरू नये. कोठे ते दळणाबरोबर फुकट मिळते, कोठे वीटभट्टीवाला गाडी घेऊन दाराशी उभा असतो.